गिरणीच्या भिंतीवर पळसाची पानं

३ नोव्हेंबर, पळसकोंड

चंदा, आधी खुशाली सांग. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? अरविंदभावजींची साखर किती आली? त्यांना म्हणावं, दिवाळीचे लाडू संपले, आता डब्याचा नुसता वास घ्या. तुझ्या किशोरची पाठ? मोटारसायकलवरून कारखान्यात जाताना पट्टा बांधतो का, की नुसता खुंटीला टांगून ठेवलाय? आणि तुझी नात, माझी ऋतिका? नव्या चपला चावल्या होत्या तिला. खोबरेल लाव म्हणावं.

ही वही तिनेच दिली. म्हणाली, मोठी आजी, तिकडे रेंज नाही, तर रोज लिही, आम्ही मागाहून वाचू. आता रोजनिशी म्हटलं की स्वतःशी बोलायचं असतं म्हणे. मला काही ते जमत नाही. म्हणून तुलाच लिहिते. आपण दोघी बहिणी काय आणि मी एकटी काय, एकाच शेंगेतले दाणे.

प्रवास छान झाला. महाडला उतरले, चवदार तळ्याच्या पायरीवर बसून पाय मोकळे केले, बाजारातून सुपारी घेतली. सयाजी जीप घेऊन आला होता. चाळिशीचा गडी, पंधरा वर्षं मुंबईला हॉटेलात काढून परत आलाय. पोलादपूर मागे टाकून वर चढलो की याचं गाव. चार खोल्या बांधल्यात पाहुण्यांसाठी. एकेका खोलीत तीन, अशी बारा चित्रं त्याला हवीत. ऋतिकाने मोबाइलवर टाकलेलं माझं ते चित्र त्याने पाहिलं होतं ना, आपल्या चाळीच्या मोरीची भिंत आणि त्यात मिसळलेलं अळूचं पान! मोरीला एवढा मान मिळेल असं वाटलं होतं का कधी?

सयाजी म्हणाला, "जानकीकाकू, टेन्शन नको. फक्त हितलंच झाड नि हितलीच भिंत पायजे. पब्लिकला तेच आवडतं."

खिडकीतून डोंगर दिसतो. मधोमध एक तांबडा ओरखडा आहे, अजून तिथे गवत नीट धरलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी तिथून डोंगर खाली आला. वरची वाडी सारी रिकामी होती, माणसं शेतात होती, म्हणून वाचली. एक जण सोडून.

५ नोव्हेंबर

आज भिंत पाहिली आणि वेडीच झाले.

भाताची गिरणी होती ती, भागोजीची. तीन भिंती गेल्या, एक उभी आहे. खाली काळा दगड, वर चुन्याचे हात, एकावर एक. इंजिनाच्या धुराने वरचा कोपरा काजळासारखा झालाय. लोखंडी खिळ्यातून गंज ओघळलाय तो थेट हळदीच्या पाण्यासारखा. शेवाळ वाळून खपली धरलंय. आणि बरोबर मधे, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, चुन्यात एका पळसाच्या पानाचा ठसा. चुना ओला असताना कुणीतरी दाबून बसवलं असणार. पान केव्हाच झडून गेलं, पण शीर न् शीर राहिली आहे.

मी ठरवून टाकलं, बाराही चित्रं या ठशावरच उभी करायची.

फोटो काढत होते तर गवताचा भारा घेऊन एक म्हातारी आली. रंगूबाई. भागोजीची बायको. मी काय करते ते विचारलं. तिला कसं समजावू? मी आपली सांगत बसले, की आमचे हे खोपोलीला स्टुडिओ चालवायचे. गेलेल्या माणसाचा हार घालायला फोटो हवा, आणि घरात एकही धड नाही, असं नेहमी व्हायचं. मग हे लग्नाच्या घोळक्यातून चेहरा उचलायचे, दुसऱ्याच्या कोटावर बसवायचे, मागे पडदा सोडायचे. मिक्सिंग म्हणायचे त्याला. आणि खाली नाव घालायचं काम माझं, कारण चौथीपर्यंतच शिकले तरी अक्षर मोत्यासारखं. आता तेच मी लॅपटॉपवर करते. खाली भिंत, वर पान, त्यावर आणखी पान, प्रत्येक विरळ करत जायचं. ऋतिका त्याला लेयर म्हणते, मी पदर म्हणते.

रंगूबाई हनुवटीला हात लावून ऐकत होती. मग म्हणाली, "ज्याचा येकबी फोटू नाय, त्याचा व्हतो काय गो?"

मी हसून म्हटलं, मिक्सिंगमध्ये सगळं होतं.

६ नोव्हेंबर

सकाळी रंगूबाई दारात. हातात पळसाच्या पानांची जुडी, पांढऱ्या लोकरीच्या धाग्याने बांधलेली. म्हणाली, तुला कशाला हिंडायचा त्रास, मी आणीन रोज. मोजली तर बरोबर तीस. तीसच्या तीस वापरली. पहिलं चित्र दुपारी झालं. चंदा, दृष्ट लागावी असं झालंय.

एक गंमत सांगते, कुणाला बोलू नकोस. सगळ्यांत खालच्या पदरात, भिंतीच्याही खाली, मी नाव घातलंय. माझं नव्हे. "ऋतिका". तिनेच माझं बोट धरून शिकवलं, चित्रं तिचीच. अडुसष्टाव्या वर्षी मला नाव काय करायचंय? बाराही चित्रांत तेच घालणार आणि शेवटी पोरीला चकित करणार.

पानं परत न्यायला रंगूबाई आली. भुईवर टाकू नको म्हणाली. मग जाता जाता वळून, "नाव टाकलंस ना गो?"

मी म्हटलं, सगळ्यांत आधी. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, किती मायेची बाई! माझ्या नातीचं नाव घातलं याचं तिला एवढं वाटावं. नंतर लक्षात आलं, नातीचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

८ नोव्हेंबर

तीन झाली. हात चांगला बसलाय. एरवी पानाची शीर भिंतीच्या तड्याशी जुळवायला तासन् तास सरकवावं लागतं, अर्धं पुसावं लागतं. इथे पान ठेवलं की बसतं. जणू तडा त्याच्यासाठीच गेलाय.

दुपारी काम करताना गिरणीचा आवाज येतो. पट्टा फिरल्याचा, टक्-टक्-टक्. कोंड्याचा वासही. भातकापणी उरकली आहे, तेव्हा कुठेतरी गिरणी चालू असणारच. सयाजीला विचारलं तर म्हणाला, खालच्या गावात चक्की हाय, वाऱ्यानं येत असंल. वारा तर पडलेला होता.

रंगूबाईने आज नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली. आम्ही दोघी भिंतीच्या सावलीत जेवलो. तिचा एक मुलगा मुंबईला आहे, गणपतीला येतो. एरवी ती आणि एक म्हैस. म्हणाली, "तू आलीस, बरं वाटतंय. बोलाया मानूस मिळालं." मग मला चिडवलं, शहरातली बाई आणि भाकरी अशी खाते, दुष्काळातून आल्यासारखी!

१० नोव्हेंबर

वळणापर्यंत चालत गेले, तिथेच रेंज येते. तुझे तीन निरोप एकदम वाजले. ऋतिकाच्या पायांना मुंग्या येतात, पोटऱ्यांपर्यंत बधिर वाटतं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, गोळ्या दिल्या. अगं, डाएट म्हणून पोरी वरण-भात सोडतात, मग काय होणार? तिला रोज मुगाचं कढण दे.

पाचवं चित्र झालं. या चित्रात मधोमध एक वाटोळा उंचवटा आलाय, वाटीएवढा. मी केला नाही. पानं आणि तडे मिळून आपोआप झालाय. गुडघ्यासारखा दिसतो.

१२ नोव्हेंबर

पुन्हा वळणावर गेले. ऋतिकाला उभं राहता येत नाही. तू लिहिलंस, पायांची कातडी कोरडी पडली आहे आणि शिरा वर आल्यात, हिरवट. तू एक फोटो पाठवलायस.

चंदा, तो फोटो मी फार वेळ पाहिला. मोबाइलवर बोटांनी मोठा करून. मग खोलीवर येऊन पहिलं चित्र उघडलं. दोन्ही शेजारी ठेवले.

शिरांची जाळी एकच दिसली. म्हातारपणी नजर दगा देते. उद्या पुन्हा बघेन.

आजचं सातवं चित्र मात्र केलं. जुडी दारात होती. करायला नको होतं.

१४ नोव्हेंबर

काल एक केलं, आज एक. नऊ झाली. हात थांबत नाही म्हणावं तर तसं नाही, मीच थांबवला नाही. कामात असले की तो फोटो आठवत नाही.

दुपारी बारा वाजता गिरणीचा आवाज इतका जवळ आला की उठले आणि थेट भिंतीपाशी गेले. रखरखीत ऊन. भिंतीच्या मागल्या अंगाला मी कधी गेले नव्हते.

तिथे पत्र्याच्या आडोशाला माणूस निजलाय.

माणूस नव्हे. पानं. माझीच पानं, वापरून परत दिलेली. गवताच्या काड्यांवर एकेक पान लोकरीने गुंडाळून बांधलंय. पाय, गुडघे, मांड्या, कंबर, पोट. छातीपर्यंत आलाय. वर हात नाहीत, मान नाही, डोकं नाही. आणि उंची, चंदा, पुरुषाची नाही. आपल्या ऋतिकाएवढी.

आवाज बंद झाला होता.

रंगूबाई जवळच बसली होती, धागा वळत. मला पाहून दचकली नाही. लाजली, घरातलं कुणाला दाखवायचं राहून जावं तशी.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

तिने सगळं सांगितलं. जसं ऐकलं तसं लिहिते.

डोंगर आला तेव्हा भागोजी गिरणीत होता, तो सापडलाच नाही. ज्याचं मढं सापडत नाही त्याचा पळसपानांचा पुतळा करून जाळतात. पानं तीनशे साठ, एक कमी नाही, एक जास्त नाही. नाव घेऊन अग्नी दिला की माणूस सुटतो. महाडहून भटजी आणले होते. पण अग्नी द्यायच्या घटकेला रंगूबाईने एक पान काढून चोळीत लपवलं. म्हणाली, "सगळा कसा जाऊन द्यू गो? चाळीस वर्सं माज्यासंगं व्हता. येक पान ठिवलं." आणि गिरणीच्या भिंतीला ओला चुना लावून त्यात ते दाबून बसवलं.

तेव्हापासून भागोजी ना इकडचा ना तिकडचा. भर दुपारी गिरणी चालते. अकरा वर्षं ती ऐकते आहे.

मी आले आणि गेलेल्या माणसांची चित्रं करते म्हणाले. खाली नाव घालते म्हणाले. तिला वाटलं, देवानेच बाई धाडली. बारा चित्रं, तीस-तीस पानं. तीनशे साठ. तिने मला विचारलं होतं, नाव टाकलंस ना? मी म्हटलं होतं, सगळ्यांत आधी. तिला वाचता येत नाही.

मी तिला ऋतिकाचं नाव सांगितलं.

तिने कपाळ बडवून घेतलं. नुसतं कपाळ दगडावर. मीच तिला धरलं. आम्ही दोघी भुईवर बसलो होतो आणि भिंतीतून टक्-टक् सुरू झालं होतं.

अर्धवट सोडता येत नाही, म्हणाली. अर्धवट सोडलं तर पोर भागोजीसारखी लटकेल.

१५ नोव्हेंबर

पहाटे नऊही चित्रांतलं नाव पुसून "भागोजी" घातलं. रंगूबाई शेजारी हात जोडून बसली होती. साधीच तर चूक, पाटी पुसावी तशी पुसली. मग तिला चहा करून दिला. पहिल्यांदाच जीव भांड्यात पडला.

दुपारी लॅपटॉप उघडला. नऊही ठिकाणी "ऋतिका".

चित्रं पुसून टाकली, सगळी. बंद करून उघडलं. आहेत.

रंगूबाई म्हणाली, त्याच्या नावाला एकदा अग्नी दिलाय, दुसऱ्यांदा ते नाव चढत नसेल. अजून अग्नी न दिलेलंच नाव लागेल.

भिंतीपाशी गेलो. ठशाच्या खाली नवा तडा गेलाय, आडवा, मग उभा, मग वेलांटी. माझं अक्षर आहे, चंदा. मोत्यासारखं.

१६ नोव्हेंबर

वळणावर तुझा आवाज ऐकला. दवाखान्यात नेलं आहे. छातीपर्यंत काही हलत नाही. श्वास घेताना पानांसारखं वाजतं, असं तू म्हणालीस. नेमका तोच शब्द कसा सुचला तुला?

तू रडत होतीस आणि मला विचारत होतीस, ताई, तू केव्हा येतेस? मी येऊन काय करणार? विळखा इथे आहे.

रंगूबाई म्हणाली, माझं नाव टाक. हसत म्हणाली. "माजं काय ऱ्हायलंय? म्हशीला सयाजी बघंल." दुपारभर मी विचार केला, खोटं का बोलू? एकदा बोटही नेलं अक्षरावर. पण पहिलं नाव अजाणता घातलं होतं. हे जाणूनबुजून होईल. ते पाप वेगळं. ज्या हाताने सांडलं त्याच हाताने भरायचं, आई म्हणायची ना आपली?

नऊही चित्रांत, सगळ्यांत खालच्या पदरात, लिहिलं — जानकी.

बंद केलं. उघडलं. जानकी.

राहिलं!

१७ नोव्हेंबर

पायांना मुंग्या आल्यात. चंदा, मुंग्यांचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

काठी घेऊन कशीबशी वळणापर्यंत गेले. तुझा निरोप — ऋतिकाने अंगठा हलवला. डावा. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडलं. म्हणू दे त्यांना.

येताना सयाजीने उचलून आणलं. तो घाबरलाय. दवाखान्यात चला म्हणतो, गाडी काढतो म्हणतो. त्याला काय सांगू? म्हटलं, वात आहे रे, उतरेल. तीन चित्रं राहिलीत, ती झाली की निघू.

दहावं केलं. खांदे.

१८ नोव्हेंबर

गुडघे गेले. कंबर. बसते भिंतीला टेकून, अंथरूण इथेच आणायला लावलं. लॅपटॉप मांडीवर आहे पण मांडी कळत नाही.

कातडी हिरवट. शिरा मोजता येतात. गंमत बघ, पळसाच्या पानासारख्याच जातात, मधली एक जाड आणि दोन्हीकडे —

अकरावं झालं. हात. पुतळ्याला हात बांधले रंगूबाईने. आता तो माझ्याएवढा आहे. ठेंगणा. काल नव्हता.

तिने माझे केस विंचरले. बोलत होती सारखी, म्हशीचं, मुलाचं, पहिल्या कमाईच्या पावलीचं. मधेच थांबली नि म्हणाली, तू गेल्यावर परत कुणाशी बोलू? मी म्हटलं, वेडी आहेस.

गिरणी आता थांबत नाही.

१९ नोव्हेंबर

बारावं. डोकं आणि मान.

लिहायचा हात जड झालाय, अक्षर बघ कसं. वही सयाजीजवळ देते. तो पोलादपूरला जाऊन तुला धाडेल. वळणापर्यंत मला आता —

जुडी आली. सवयीने मोजली.

एकोणतीस.

पुन्हा मोजली. एकोणतीस. तीनशे एकोणसाठ होतात.

रंगूबाईची उजवी मूठ मिटलेली आहे. ती माझ्याकडे बघत नाही. बोटांतून देठ दिसतोय, हिरवा. शेजारी तिने चुना कालवून ठेवलाय, ओला.

रंगू, म्हटलं, दे ते. तर म्हणाली, "सगळी कशी जाऊन द्यू गो?"

रागावता येईना मला. ओठ —

काडी ओढून तिने पुतळ्याला लावली. पेटलं. पायाकडून.

चंदा, ऐक. एक पान कमी आहे. तेवढ्याने ऋतिका सुटली की नाही, हे मला कळायला हवं. बाकी काही नको. ती उभी राहिली का. चपला घालून चालली का. लगेच लिही. मला वाचता येणार नाही, म्हणून सयाजीला सांग, पत्र गिरणीच्या भिंतीपाशी येऊन मोठ्याने वाच. भर दुपारी. चुन्यात दोन ठसे असतील, त्यातल्या नव्याजवळ उभं राहून. मला ऐकू येईल. उशीर करू नकोस गं, फक्त एवढंच लिही की ऋति—